मणक्याला कळणारा आराम

यंदा द्राक्षाचा हंगाम बरा गेला आणि पिंपळगाव बसवंतच्या आमच्या भाऊजींनी मोठी गाडी घ्यायचं मनावर घेतलं. ऑडी क्यू७ की बीएमडब्ल्यू एक्स५? दोन्हींच्या सुविधांची यादी हातभर लांब. मी म्हटलं, "भाऊजी, यादी राहू द्या. माईंना मागे बसवा आणि नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या गतिरोधकांवरून एक चक्कर मारा." माई म्हणजे त्यांच्या आई. त्यांची कंबर धरलेली असते.

बसलेल्या माणसाला सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी वरखाली थरथर सर्वांत जास्त बाधते. पोट आणि मणक्याची स्वतःची डोलण्याची गती याच पट्ट्यात येते, त्यामुळे बाहेरचा धक्का शरीरात वाढतो. म्हणून आरामदायी गाडीची स्प्रिंग या पट्ट्याच्या बरीच खाली, सेकंदाला साधारण १ ते दीड वेळा डोलेल अशी ठेवतात.

अडचण येते वजनाची. पोलादी स्प्रिंगचा ताठरपणा ठरलेला असतो. मऊ ठेवली तर भरलेली गाडी मागून बसते, ताठ ठेवली तर एकट्यादुकट्याला दणके बसतात. एअर सस्पेन्शनमध्ये पोलादाच्या जागी हवा भरलेली जाड रबरी पिशवी असते. गाडी वजनाने खाली आली की सेन्सरला कळतं, कॉम्प्रेसर हवा भरतो आणि उंची पूर्ववत होते. मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते पुढचं: दाब वाढला की पिशवीचा ताठरपणाही वजनाच्या जोडीने वाढतो, म्हणून डोलण्याची गती जवळपास तीच राहते. एअर सस्पेन्शन दोन्ही गाड्यांत मिळतं. आपण घेतो त्या व्हेरियंटमध्ये आहे ना, तेवढं विचारून घ्यावं. आणि मोठ्या रिमचा मोह टाळावा. रिम मोठी झाली की टायरची रबरी भिंत बुटकी होते, आणि बारीक खड्ड्यांचा कडक ठोका तीच भिंत झेलत असते.

फरक पडतो तो तिसऱ्या रांगेत. क्यू७ सात जणांची, आपल्याकडची एक्स५ पाच जणांची. कसारा घाटात मागच्या रांगेत मोबाइल बघत बसलेला भाचा इगतपुरीच्या आधीच उलटीसाठी पिशवी मागतो, हे घरोघरी पाहिलेलं. कानातला तोल सांभाळणारा अवयव वळण सांगतो, डोळे स्थिर पडदा दाखवतात, आणि मेंदू गोंधळतो. तिसरी रांग मागच्या चाकांच्या जवळ, तिथून समोरचा रस्ताही नीट दिसत नाही. सीट कितीही मऊ असली तरी त्यावर उपाय नाही. मुलांना मधल्या रांगेतच बसवावं.

चालकाचं सुख वेगळं. क्यू७मध्ये १०.१ आणि ८.६ इंचांचे दोन टचस्क्रीन एकाखाली एक. खालच्यावर एसी, आणि दाबल्यावर बोटाला टिचकी जाणवते. एक्स५मध्ये १२.३ आणि १४.९ इंचांचा एकसंध वक्र पडदा, एसीही त्यातच, पण जोडीला गिअरजवळ गोल फिरवायचा नॉब. ताशी ६० किलोमीटरवर २ सेकंद नजर खाली गेली तर गाडी ३३ मीटर न बघता पुढे जाते. द्वारका चौकाच्या गर्दीत मला हाताला न बघता सापडणारा नॉबच हवा.

माईंनी दोन्ही गाड्यांत डोळे मिटून बसून पाहिलं. शनिवारी पुन्हा ट्रायल आहे. या वेळी घरची पाचही माणसं बसणार, माई मागेच.