धसका कोणाच्या काळजाला बसतो?

‘तिनं हाय खाल्ली’, ‘त्यानं धसका घेतला’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते बोलण्यापुरतंच असतं असं समजू नका. १९९० साली जपानमध्ये हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही चमत्कारिक रुग्णांचं वर्णन केलं. छातीत कळ, ईसीजी बिघडलेला, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा नाही. हृदयाचा डावा खालचा कप्पा मात्र टोकाशी फुग्यासारखा फुगलेला आणि वरती अरुंद. जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला असंच मडकं वापरतात. त्याचं नाव ताकोत्सुबो, तेच या आजाराला मिळालं. २००४च्या निइगाता भूकंपानंतर त्या भागात असे रुग्ण एकदम वाढले होते.

मोठ्यांमध्ये हा आजार बहुतेक वेळा पाळी गेलेल्या बायकांना होतो. लहान मुलांत तो दुर्मीळ, आणि त्याची तऱ्हाही वेगळी. मुलगे-मुली असा मोठा फरक राहत नाही. कारण दुःखाचं असण्यापेक्षा शरीरावरच्या आघाताचं जास्त असतं : डोक्याला मार, मेंदूतला रक्तस्राव, लांबलेली फीट, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, मोठं ऑपरेशन. कधी टोकाऐवजी हृदयाच्या त्या कप्प्याचा मधला किंवा वरचा भागच थंडावतो. त्यामुळे परीक्षेच्या ताणानं पोराचं हृदय असं बंद पडेल, ही आईबापांची धास्ती मला तरी फारशी पटत नाही.

मोठ्यांत काय, मुलांत काय, संशय एकावरच आहे : ॲड्रिनलिन आणि त्याची भावंडं. संकटात ही रसायनं हृदयाला टाच मारतात. पण त्यांचा पूर आला की हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, स्नायूच्या पेशींवर थेट मारा होतो, आणि ज्या संदेशानं हृदय जोरात चालायचं त्याच संदेशानं ते मंदावतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणूनच अशा वेळी हृदयाला जोर देण्यासाठी ॲड्रिनलिनसारखंच औषध द्यायचं की नाही, यावर डॉक्टर दहादा विचार करतात. मूळ आजार आटोक्यात आला, तर बरीच मुलं काही दिवसांत-आठवड्यांत सावरतात आणि इकोतलं, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतलं, मडकं पुसलं जातं.

ॲड्रिनलिनचं हे वादळ आपल्या कोकणाला नवं नाही. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियम आत सोडणारी दारं उघडीच ठेवतं आणि शरीर स्वतःच्याच ॲड्रिनलिनमध्ये बुडतं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा पेशंटांच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि १९८२मध्ये त्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. ओकारी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी. यात मुलं पटकन दगावत. त्यांनी उपाय म्हणून वापरलं प्राझोसिन, ब्लडप्रेशरची एक साधी स्वस्त गोळी, जी त्या रसायनांची आवळलेली मूठ सैल करते. २०११मध्ये ७० पेशंटांवरच्या त्यांच्या चाचणीत प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं, तर सुधारणा आणखी लवकर झाली.

बावस्करांच्या नोंदींतली एक गोष्ट फसवी आहे. विष अंगभर भिनलेल्या पोराला डंखाची आग फारशी नसते. ते रडत नाही, नुसतं घामानं निथळत असतं.