संकटांत घडलेला भरवसा: ख्रिस्ती विश्वासातील शांतीची पार्श्वभूमी

‘देवावर भरवसा ठेवा, तो तुम्हांला शांती देईल’ हे आश्वासन ख्रिस्ती उपासनेत, प्रवचनांत आणि आजाऱ्याच्या उशाशी केलेल्या प्रार्थनेत इतक्या वेळा ऐकू येते की, ते मुळात कोणत्या परिस्थितीत उच्चारले गेले याकडे सहसा लक्ष जात नाही. इतिहासात मागे गेल्यास दिसते की, हे शब्द बहुतेक वेळा पराभूत, हद्दपार, तुरुंगात डांबलेल्या किंवा पोटची मुले गमावलेल्या माणसांनी उच्चारले आहेत. आणखी एक गोष्टही सातत्याने आढळते. जेथे भरवसा आणि देवापुढे मोकळेपणाने मांडलेले गाऱ्हाणे एकत्र नांदले, तेथे या शिकवणुकीने माणसांना खरोखर तारले. जेथे गाऱ्हाण्याला मज्जाव झाला, तेथे तिचा विपर्यास झाला.

या परंपरेचे मूळ इस्राएल लोकांच्या स्तोत्रसंहितेत आहे. तिच्यातील १५० स्तोत्रांत सर्वांत मोठा गट विलापस्तोत्रांचा आहे, ही बाब आजच्या वाचकाला चकित करते. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच ‘हे परमेश्वरा, किती वेळ?’ अशी होते, आणि त्याच स्तोत्राच्या शेवटी कवी देवाच्या दयेवर आपण भाव ठेवला असल्याचे सांगतो. मधल्या ओळींत त्याची परिस्थिती बदलल्याचा मात्र काहीच उल्लेख नाही. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर शेवटपर्यंत उजेड दिसत नाही; ते अंधाराच्या उल्लेखावरच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, उपासनेत म्हटले जाते. सर्वांना पाठ असलेल्या तेविसाव्या स्तोत्रातही कवी हिरव्या कुरणांत असताना देवाविषयी बोलतो आणि मृत्युच्छायेच्या दरीत शिरताच थेट देवाशी बोलू लागतो. दरी टळेल असे वचन त्या स्तोत्रात नाही. ‘तू माझ्याबरोबर आहेस’ एवढाच त्याचा आधार आहे.

इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले आणि लोकांना बंदिवासात नेले. या आपत्तीने भरवशाची सर्वांत कठोर परीक्षा घेतली. त्या काळातील दोन आवाज समोरासमोर ठेवून पाहण्यासारखे आहेत. हनन्यासारखे संदेष्टे दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल असा दिलासा देत होते, तर यिर्मया या संदेष्ट्याने बंदिवानांना पत्र पाठवून घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या परक्या नगरात तुम्ही आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे सांगितले. कारण सुटकेला सत्तर वर्षे लागणार होती. लोकांची जखम वरवर बरी करून, शांती नसताना ‘शांती, शांती’ म्हणणाऱ्यांवर याच यिर्मयाने कठोर टीका केली होती. खरा दिलासा आणि खोटा दिलासा यांतला हा फरक पुढच्या सगळ्या इतिहासाला लागू पडतो असे मला वाटते. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातील ‘सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा’ ही हाक याच बंदिवासाच्या पार्श्वभूमीवरची आहे, आणि देवाची दया रोज सकाळी नवी होते ही विलापगीतातील ओळही भस्मसात झालेल्या नगराच्या शोकाच्या मध्यभागी येते.

येशूचे बोलणे या वारशातूनच आले. ‘उद्याची चिंता करू नका’ हे शब्द त्याने ज्यांना सांगितले त्यांच्यासाठी चिंतेची कारणे काल्पनिक नव्हती. रोमी सत्तेच्या करांखाली दबलेले, रोजच्या भाकरीसाठी प्रार्थना करायला शिकवले गेलेले ते लोक होते. आकाशातील पाखरे आणि रानातील फुले यांची उदाहरणे देताना त्याने कष्ट सोडून द्यायला सांगितले नाही. पित्याला तुमची गरज ठाऊक आहे, हे सांगितले. मार्कच्या शुभवर्तमानात वादळाच्या वेळी शिष्य झोपलेल्या येशूला उठवून ‘आपण बुडत आहोत याची तुम्हांला काळजी नाही काय?’ असे विचारतात. वाऱ्याला शांत केल्यावर तो त्यांच्या भित्रेपणाबद्दल आणि अल्पविश्वासाबद्दल त्यांना विचारतो, पण त्यांची हाक तो नाकारत नाही.

‘मी आपली शांती तुम्हांला देतो; जसे जग देते तसे मी तुम्हांला देत नाही’ हे योहानाच्या शुभवर्तमानातील वचन येशूच्या अटकेच्या रात्रीचे आहे. त्याच रात्री गेथशेमाने बागेत तो अत्यंत व्याकूळ झाला, हा प्याला माझ्यापासून दूर कर अशी विनवणी त्याने केली आणि मग पित्याच्या इच्छेला स्वतःला स्वाधीन केले. वधस्तंभावर त्याच्या तोंडी दोन स्तोत्रे येतात: मार्क आणि मत्तय ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही बाविसाव्या स्तोत्रातील आरोळी नोंदवतात, तर लूक एकतिसाव्या स्तोत्रातील ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो’ हे शब्द नोंदवतो. मंडळीने या दोन्ही नोंदी जपल्या, एकीसाठी दुसरी पुसली नाही. ख्रिस्ती भरवशाचा सारा गाभा मला या जपणुकीत दिसतो.

प्रेषित पौलाने ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ असे फिलिप्पै येथील मंडळीला लिहिले तेव्हा तो बंदिवासात होता आणि आपला निकाल जीवनाचा लागेल की मृत्यूचा हे त्याला माहीत नव्हते. सर्व बुद्धिसामर्थ्यापलीकडची शांती तुमची अंतःकरणे राखील, असे तो पुढे म्हणतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो आणखी एक पाऊल पुढे जातो: देव आपले सांत्वन करतो ते यासाठी की, आपल्यालाही संकटात पडलेल्या इतरांचे सांत्वन करता यावे. याच पत्रात त्याच्या शरीरातील ‘काट्या’चा उल्लेख आहे. तो दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली. काटा राहिला आणि ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढे उत्तर मिळाले.

आरंभीच्या शतकांत हा विश्वास छळात आणि साथींत तपासला गेला. रोममधील भुयारी दफनस्थळांच्या भिंतींवर खांद्यावर मेंढरू घेतलेल्या मेंढपाळाचे चित्र पुन्हा पुन्हा आढळते. तिसऱ्या शतकाच्या मध्यावर कार्थेजमध्ये भयंकर साथ पसरली तेव्हा तेथील बिशप सिप्रियन यांनी ख्रिस्ती लोकांना मृत्यूला न भिता रुग्णसेवा करण्याचे आवाहन केले, आणि ही सेवा फक्त आपल्या लोकांपुरती ठेवू नये असेही सांगितले. इ. स. २५८ मध्ये त्यांना स्वतःलाच देहदंड झाला.

चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतील हिप्पो शहराचे बिशप ऑगस्टीन यांनी या अनुभवाला आत वळवले. मनुष्याचे हृदय देवाच्या ठायी विसावेपर्यंत अस्वस्थच राहते, हे त्यांचे विधान ख्रिस्ती जगात सर्वांत जास्त उद्धृत झालेल्या विधानांपैकी एक आहे. मात्र ४१० मध्ये रोम शहराची लूट झाल्यानंतर लिहिलेल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी असेही नमूद केले की, या जीवनात मिळणारी शांती ही परिपूर्ण आनंदापेक्षा दुःखातील दिलाशाच्याच स्वरूपाची असते. ४३० मध्ये हिप्पो शहराला वेढा पडलेला असताना ते मरणशय्येवर होते, आणि पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून त्यांनी भिंतीवर लावून घेतली होती. पुढे संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीने मठवासीयांसाठी दर आठवड्याला सर्व १५० स्तोत्रे म्हणण्याची शिस्त घातली, त्यामुळे विलाप आणि भरवसा दोन्ही शतकानुशतके मठांत जिवंत राहिले. प्लेगने इंग्लंड उजाड केल्यानंतरच्या काळात, १३७३ मध्ये, जिवावरच्या आजारात नॉर्विचच्या ज्युलियनला दर्शने झाली. ‘सर्व काही ठीक होईल’ हे तिचे वाक्य प्रसिद्ध आहे. त्यामानाने तिचे दुसरे वाक्य दुर्लक्षित राहिले: तुझ्यावर वादळे येणार नाहीत असे प्रभूने म्हटले नाही, तू पराभूत होणार नाहीस असे म्हटले.

सोळाव्या शतकात प्रश्नाचा रोख बदलला. जर्मनीत धर्मसुधारणेची चळवळ सुरू करणारे मार्टिन ल्यूथर यांना छळणारी भीती साथीची किंवा युद्धाची कमी आणि देवाच्या न्यायाची अधिक होती. आपण देवाला मान्य आहोत की नाही, या शंकेने त्यांना कित्येक वर्षे ग्रासले होते. आपल्या कर्मांवर नव्हे तर ख्रिस्ताद्वारे मिळालेल्या कृपेवर विसंबणे, हा त्यांना सापडलेला मार्ग होता. तरीही त्यांची तगमग कायमची संपली नाही. १५२७ मध्ये विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा ते शहर सोडून गेले नाहीत. त्याच वर्षी त्यांना तीव्र खिन्नतेने गाठले होते, आणि शेहेचाळिसाव्या स्तोत्रावर आधारलेले त्यांचे सुप्रसिद्ध गीत साधारण त्याच सुमाराचे आहे.

धर्मसुधारणेच्या या प्रवाहातील सर्वांत सुंदर दस्तऐवज, माझ्या मते, १५६३ ची हायडलबर्ग प्रश्नोत्तरी हा आहे. शासक तिसरा फ्रेडरिक याच्या आदेशाने आणि मुख्यतः झकारियस उर्सिनस या तरुण पंडिताच्या हातून ती तयार झाली. देव कोण, मनुष्य कोण, अशा व्याख्येने ती सुरू होत नाही. ‘जीवनात आणि मरणात तुझे एकमेव सांत्वन कोणते?’ हा तिचा पहिला प्रश्न आहे, आणि उत्तर असे की, मी माझा स्वतःचा नसून देहाने व आत्म्याने, जीवनात व मरणात माझ्या विश्वासू तारणाऱ्या येशू ख्रिस्ताचा आहे. पुढची सगळी शिकवण, म्हणजे पाप, तारण, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, या एका सांत्वनाच्या छायेत उलगडते. लहान मुलांनाही हे उत्तर पाठ करवले जाई, आणि अनेकांच्या ओठांवर ते मरतेवेळी होते.

कॅथलिक परंपरेत येशूसंघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांनी मनाला लाभणारा दिलासा आणि मनाची रुक्षता या दोन्ही अवस्था ओळखण्याची पद्धत शिकवली. रुक्षतेच्या काळात आधी केलेले निश्चय बदलू नयेत, हा त्यांचा सल्ला आजही साधकांच्या उपयोगी पडतो. क्रूसाचे संत योहान यांना १५७७ मध्ये त्यांच्याच संघातील विरोधकांनी टोलेडो येथे कैदेत टाकले होते, आणि काळोखातून जाणाऱ्या आत्म्याविषयीची त्यांची कविता त्या अनुभवाशी जोडलेली आहे. त्यानंतरच्या शतकात मिगेल द मोलिनोस यांनी आत्म्याने पूर्ण निष्क्रिय होऊन राहावे, असे शिकवले. १६८७ मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी त्यांची ६८ विधाने दोषी ठरवली. मोलिनोस यांना मिळालेली आजन्म कैद कठोर होती. पण मागणेही नको, झगडणेही नको अशा शांतीला मंडळीने आपली म्हणण्यास नकार दिला, हे मला योग्य वाटते, कारण गेथशेमानेतील प्रार्थना त्या शांतीत बसत नाही.

जर्मनीत तीस वर्षांच्या युद्धातून गेलेले पॉल गेरहार्ट यांनी सदतिसाव्या स्तोत्रातील एका वचनावर भरवशाचे गीत रचले. त्यांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच दगावली. १७३६ च्या जानेवारीत अटलांटिकवरील वादळात जहाजाचे शीड फाटले तेव्हा पुढे मेथडिस्ट चळवळ उभारणारे इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली घाबरून गेले, आणि मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाचे प्रवासी मात्र स्तोत्र गात राहिले. आपल्याजवळ हा भरवसा नाही, या जाणिवेने वेस्ली अस्वस्थ झाले आणि दोन वर्षांनी लंडनमध्ये ल्यूथर यांचे लिखाण वाचले जात असताना त्यांना तो गवसला.

याच शिकवणुकीची एक काळी बाजूही आहे. अमेरिकेतील गुलामांना निमूटपणे सोसण्याचा उपदेश मालकांच्या सोयीने केला जाई. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मचरित्रात मालकांचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत जमीनअस्मानाचा फरक असल्याचे ठणकावून सांगितले. धर्म म्हणजे अफू, ही मार्क्सची टीका त्याच दशकातली आहे, आणि ती ऐकून घेण्यातच विश्वासणाऱ्यांचे हित आहे. पण गुलामांनी स्वतः रचलेली गीते या टीकेत पूर्ण मावत नाहीत. त्यांत मिसरमधून सुटलेल्या इस्राएलची आठवण होती, दुःखाची उघड कबुली होती आणि सुटकेची मागणी होती. तोच धागा जानेवारी १९५६ मध्ये माँटगोमेरीत दिसतो. धमकीच्या फोननंतर रात्री स्वयंपाकघरात बसलेल्या, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपले बळ संपल्याचे देवाला मोठ्याने सांगितले आणि त्यांना आतून धीर मिळाला. काही दिवसांतच त्यांच्या घरावर बॉम्ब पडला, आणि त्यांनी जमलेल्या संतप्त लोकांना शांत केले.

हिटलरच्या राजवटीला विरोध करणारे जर्मन पाळक डिट्रिश बॉनहॉफर यांनी डिसेंबर १९४४ मध्ये बर्लिनमधील गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांच्या तुरुंगातून देवाच्या संरक्षणाविषयीची कविता घरी पाठवली. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. दुःख सोसणारा देवच साहाय्य करू शकतो, असे त्यांनी आदल्या उन्हाळ्यात लिहिले होते, आणि युद्धोत्तर ईश्वरविद्येवर या विचाराचा खोल ठसा उमटला. १९६७ मध्ये सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे मरणासन्न रुग्णांचे शुश्रूषागृह सुरू केले, तेव्हा त्यांच्या ख्रिस्ती विश्वासाने मरणाऱ्याला नुसता उपदेश केला नाही. वेदनाशामक औषधे, सोबत आणि प्रार्थना यांना एका छताखाली आणले.

जुन्या कराराचे अभ्यासक वॉल्टर ब्रूगमन यांनी १९८६ मधील एका लेखात असा इशारा दिला की, उपासनेतून विलापस्तोत्रे गळून पडली की देवाशी असलेले नाते खरे राहत नाही आणि न्यायाचे प्रश्न विचारणेही थांबते. त्यानंतरच्या काळात अनेक मंडळ्यांनी शोकाच्या उपासना, मूक प्रार्थना आणि विलापस्तोत्रांचे सामुदायिक वाचन पुन्हा सुरू केले आहे, आणि नुकतेच कोणी गमावलेल्या माणसाला त्या उपासनेत हसतमुख राहण्याची सक्ती केली जात नाही.