घाटात सीट सोडण्याची किंमत

1998 साली टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकणारा इटलीचा मार्को पांतानी डोंगरातील चढांवर वारंवार सीट सोडून उभा राहत असे. त्याआधी 1991 ते 1995 अशी सलग पाच वर्षे तीच शर्यत जिंकणारा स्पेनचा मिगेल इंदुराइन मात्र तसलेच चढ शक्यतो बसून चढे. पांतानीचे वजन जेमतेम 57 किलो, इंदुराइनचे 80 च्या आसपास. हा फरक निव्वळ सवयीचा नव्हता.

उभे राहिल्यावर शरीराचे वजन पेडलवर फुकटात कामाला लागते, असे अनेकांना वाटते. क्षणापुरता जोर वाढतो, हे खरे: 17 सेंटिमीटरच्या क्रँकवर (पेडल ज्याला जोडलेले असते त्या दांड्यावर) 80 किलोचा सायकलपटू नुसत्या वजनाने सुमारे 133 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देऊ शकतो, तर 57 किलोचा 95. परंतु पेडलसोबत खाली गेलेले शरीर पुन्हा वर उचलावेच लागते आणि त्यासाठीची ऊर्जा त्याच पायांतून येते. शिवाय बसलेले असताना सीट जे वजन पेलते, ते उठताच पाय, कंबर आणि दंडांवर येते. वेग तोच राहिला तरी हृदयाचे ठोके बहुधा वाढतात.

हे पेलणे वजनदार माणसाला अधिक महाग का पडते, याचे उत्तर भूमितीत आहे. सारख्याच ठेवणीची दोन शरीरे घेतली, तर वजन घनफळाच्या प्रमाणात वाढते, स्नायूंची ताकद मात्र त्यांच्या काटछेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात. म्हणून 57 वरून 80 किलोवर जाताना भार 40 टक्क्यांनी वाढला, तरी ताकद साधारण 25 टक्केच वाढते. अर्थात खरी शरीरे इतकी नेमकी एकाच साच्याची नसतात.

चढ फारच तीव्र झाला आणि हलके गिअर संपले, की मात्र वजन कितीही असो, उठावेच लागते. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' हा किताब मिळवू पाहणाऱ्यालाही निर्णायक मुसंडी मारताना बहुधा सीट सोडावी लागते. वजनदार सायकलपटूने असे उठणे थोड्या अंतरापुरते ठेवावे आणि उठण्याआधी एक-दोन गिअर जड करून घ्यावेत, कारण उभ्याने पाय सावकाश फिरतात आणि हलक्या गिअरमध्ये एकदम उठल्यास सायकल क्षणभर मागे आल्यासारखी होऊन मागच्याच्या चाकाला लागू शकते.