कीटकगणांची शरीरलक्षणांवरून ओळख

कीटकाचा गण (भुंगेरे, माश्या यांसारखा वर्गीकरणातील मोठा गट) त्याच्या बाह्य शरीररचनेवरून ठरविण्याची पद्धत. सहा पाय, शृंगिकांची (डोक्यावरील मिशांसारख्या अवयवांची) एक जोडी आणि डोके, वक्ष, उदर असे तीन भाग ही कीटकाची लक्षणे सर्वपरिचित आहेत. कोळी, विंचू व गोचीड तेथेच वगळले जातात. पुढे गण ठरविताना मुख्यतः पंख व मुखांगे आणि त्यांच्या जोडीला शृंगिका व उदराच्या टोकाची उपांगे पाहतात.

पंखांवरून गट पाडण्याची कल्पना जुनी आहे. ढालपंखी, म्हणजे भुंगेऱ्यांच्या, गणाचे ‘कोलिऑप्टेरा’ हे नाव मुळात ॲरिस्टॉटल यांनी वापरलेल्या शब्दावरून आले. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५८ मध्ये कीटकांचे सात गण मानले. त्यांतील सहा पंखांवर आधारलेले होते. सातव्या ‘अपंखी’ गणात उवा-पिसवांबरोबर कोळी आणि खेकडेही होते. त्यांचे शिष्य फाब्रिसियस यांनी १७७५ मध्ये मुखांगांना प्राधान्य दिले. आजचे गण दोन्हींच्या मिश्रणातून आले असले, तरी त्यांच्या नावांवर पंखांचीच छाप आहे.

ओळखीसाठी दोन-दोन परस्परविरोधी लक्षणांतून निवड करत जाणारी द्विशाखी कुंजी वापरतात. तिचे श्रेय सामान्यतः फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांना देतात. त्यांच्या ज्या फ्रेंच वनस्पतिग्रंथात ती आढळते, त्यावर १७७८ हे वर्ष छापलेले आहे. प्रत्यक्ष प्रकाशन १७७९ मधले असावे. रिचर्ड वॉलर यांचे वनस्पतींचे सचित्र तक्ते सुमारे नव्वद वर्षे आधीचे असल्याने लामार्क यांना जनक म्हणण्यापेक्षा प्रसारक म्हणणे अधिक योग्य वाटते.

बोलीतली नावे गण ठरविताना फसवी ठरतात. ‘पांढरी माशी’ माशी नव्हे. तिला चार पंख असून ती मावा-तुडतुड्यांच्या अर्धपंखी गणातली आहे. काजवा हा भुंगेरा आहे. पहिल्या पावसात दिव्याभोवती जमणाऱ्या वाळवीला पंख फुटलेल्या मुंग्या समजतात. अशी एक वाळवी भिंगाखाली धरली, तर चारही पंख जवळजवळ सारख्या लांबीचे, शृंगिका मण्यांच्या माळेसारखी सरळ आणि वक्ष-उदराचा सांधा रुंद दिसतो. मुंगीची शृंगिका कोपरासारखी वाकलेली, कंबर बारीक व मागचे पंख आखूड असतात. भुंगेऱ्याचे कठीण पुढचे पंख बहुधा पाठीवर सरळ रेषेत मिळतात; अर्धपंखी गणातील अनेक पंखधारी कीटकांत पुढचे पंख एकमेकांवर चढतात आणि डोक्याखाली सोंड दुमडलेली असते.

पंख मोजणे मात्र वाटते तितके सोपे नाही. मधमाशीचे मागचे पंख बारीक आकड्यांनी पुढच्या पंखांना अडकवलेले असल्याने ती दोनपंखी भासते. खऱ्या माशीत मागच्या पंखांच्या जागी टाचणीसारखे संतोलक (उड्डाणात शरीराची वळणे जाणणारे अवयव) असतात. डासात ते भिंगाखाली सहज दिसतात, घरमाशीत पापुद्र्याखाली झाकलेले असतात. खवले कीटकांच्या पंखधारी नरांतही उडण्याचे पंख दोनच असतात. म्हणून केवळ संख्येवरून द्विपंखी गण ठरवू नये.

संतोलकांच्या लक्षणावरून सर्वांत मोठा वाद स्ट्रेप्सिप्टेरा या परजीवी गणाविषयी झाला. गांधीलमाश्या, तुडतुडे इत्यादींच्या शरीरात हे कीटक वाढतात. बहुतेकांतील मादीला पाय, पंख, डोळे काहीच नसते. नर मात्र उडतो. नराचे संतोलक मध्यवक्षावर, म्हणजे पुढच्या पंखांच्या जागी असतात, तर माशीचे पश्चवक्षावर. रॉसी यांनी १७९३ मध्ये पहिली जाती वर्णिली. कर्बी यांनी १८१३ मध्ये स्वतंत्र गण केला. पुढे क्रोसन यांनी त्यांना भुंगेऱ्यांतच समाविष्ट केले. १९९४ मध्ये व्हाइटिंग व व्हीलर यांनी ते माश्यांचे निकटचे आप्त असून संतोलकाची जागा जनुकीय बदलाने पुढे सरकली असावी, असे सुचविले. डीएनए-क्रमात झपाट्याने बदललेल्या शाखा विश्लेषणात खोटेपणी एकत्र येतात, हा त्यावरील मुख्य आक्षेप. २०१२ मधील जीनोम अभ्यासाने ते भुंगेऱ्यांचे भगिनी-गण, म्हणजे सर्वांत जवळचे आप्त, ठरविले आणि हेच मत आता ग्राह्य मानावे. माशी व स्ट्रेप्सिप्टेरा या दोन्हींचे संतोलक उड्डाणात शरीराचे वळणे जाणतात. पण ते स्वतंत्रपणे उद्भवलेले आहेत.

वर्गीकरण बदलले तरी कुंजीतला क्रम तसाच राहू शकतो. वाळवी आता झुरळांच्या गणात धरली जाते. क्षेत्रकामाच्या कुंजीत तिची पायरी अजूनही वेगळी असते.

वरील लक्षणे प्रौढांची आहेत. अळ्यांत पंख नसल्याने उदरावरील मांसल पाय मोजतात. पतंग-फुलपाखरांच्या अळीला ते सामान्यतः पाच जोड्यांपर्यंत असून त्यांवर सूक्ष्म आकडे असतात. मोहरीची पाने खाणाऱ्या करवत माशीच्या अळीला आठ जोड्या असतात, आकडे नसतात. ती कलापंखी, म्हणजे मधमाशीच्या गणातली.