भंगार केबल सोलून तांबं काढायचंय? अर्ज नेमका कुठे अडकतो ते वाचा

"आम्ही जाळत नाही, गाळत नाही, नुसती वायर सोलतो, मग परवानगी कसली?" हे ऐकून कान किटले. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत अनुसूची ४ काढून बघा, पीव्हीसी आवरणाची तांब्याची भंगार वायर आणि जेली (पाणी शिरू नये म्हणून टेलिफोनच्या केबलमध्ये भरलेला चिकट पदार्थ) भरलेली केबल दोन्ही नावानिशी आहेत. त्यामुळे ब्लेडने सोला नाहीतर ग्रॅन्युलेटरमध्ये (वायरचे बारीक तुकडे करून तांबं-प्लास्टिक वेगळं करणाऱ्या मशीनमध्ये) घाला, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती (आधी उभारणीची, मग चालवायची) लागणारच, आणि घातक कचऱ्याचं ऑथोरायझेशन (तो हाताळायची परवानगी) वेगळं. उद्यम नोंदणी आणि जीएसटी दाखवून भागत नाही.

ऑथोरायझेशनचा अर्ज फॉर्म १ मध्ये. पॅन, मशीनची यादी, नकाशा यात कोणी अडकत नाही. जागेचा करार मात्र वाचून जोडा, त्यात वापर 'गोडाऊन' लिहिलेला आणि अर्ज प्रक्रियेचा, म्हणजे आक्षेप ठरलेला.

खरं घोडं अडतं हिशोबात. महिन्याला समजा १० टन केबल आत येते, ६ टन तांबं निघतं, मग उरलेले ४ टन गेले कुठे? लोक 'प्लास्टिक विकतो' एवढंच लिहून मोकळे होतात. कोणाला विकता, त्याच्याकडे संमती आहे का, त्याचं पत्र कुठाय? आर्मर्ड केबलची लोखंडी पट्टी, जेली, ग्रॅन्युलेटरची धूळ, सगळं वजनानिशी दाखवा आणि बेरीज जुळवा. जेली, तेलकट चिंध्या असलं कोणी विकत घेत नाही, त्यासाठी सामायिक घातक कचरा केंद्राचं सभासदत्व लागतं, आपल्याकडे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशी केंद्रं आहेत. हा कागद जवळपास कोणाकडेच नसतो, म्हणून आधी त्याच्या मागे लागा, बाकीचं नंतर.

जाळण्यावरून एवढा संशय का? पीव्हीसीत क्लोरीन असतं, उघड्यावर जाळलं की डायॉक्सिन ही विषारी रसायनं तयार होतात आणि तांबं त्याला उलट मदतच करतं. पाहणीला आलेला माणूस कागदांआधी जमीन कुठे काळी पडलीय का ते बघतो, आणि कोपऱ्यात जळक्या तांब्याचा ढीग दिसला तर 'तो बाहेरून घेतलेला माल आहे साहेब' यावर कोण विश्वास ठेवणार? असला माल त्या जागेत ठेवूच नका.

सीएच्या सर्टिफिकेटमध्ये गुंतवणूक घसारा वजा न करता, मूळ किमतीची हवी. संमतीची फी त्यावरच ठरते, कमी भरली की अर्ज तिथेच लटकतो. आणि 'सगळ्या प्रकारच्या केबल' असं मोघम लिहू नका हो, त्यात कॉम्प्युटर-चार्जरच्या वायरी आल्या की ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम लागू होतात आणि केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी आली.

ऑथोरायझेशनवर निर्णय द्यायला मंडळाला १२० दिवस असतात, त्याचा घोळ तर नेहमीचाच. ही मुदत अर्ज सबमिट केल्यापासून नाही, सगळ्या बाजूंनी पूर्ण अर्ज मिळाल्यापासून धरतात. एक कागद राहिला की तुमचे दिवस सुरूच झालेले नसतात, आणि हे फोन करून कोणी सांगत बसत नाही, मंडळाने काढलेली शंका पोर्टलवर पडून राहते. लॉगिनला नंबर एजंटचा असेल तर तुम्हाला पत्ताही लागत नाही, म्हणून मोबाईल आणि ईमेल स्वतःचाच द्या.

परवानगी आली की माल ९० दिवसांच्या वर साठवायचा नाही, रोजची नोंद फॉर्म ३ मध्ये, आणि मार्चला संपलेल्या वर्षाचं रिटर्न फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत. ऑथोरायझेशन पाच वर्षांचं असलं तरी संमतीची तारीख वेगळी असते, ती संमतीपत्रावर बघून आत्ताच लिहून ठेवा.