वेली गुलाब : नाशिकच्या घरबागेतील लागवड

लांब, लवचीक काड्यांच्या आणि आधारावर चढवता येणाऱ्या गुलाबांना वेली गुलाब म्हणतात. नावात वेल असली, तरी त्याला द्राक्षासारखे तणावे नसतात. रानात त्याचे वाकडे काटे शेजारच्या झाडाझुडपांत अडकतात. अंगणात बांधणी माणसालाच करावी लागते. मणिपूरच्या डोंगरांतला रोझा जायगँशिया हा रानगुलाब, ज्याची नोंद जॉर्ज वॉट यांनी १८८२ मध्ये केली, उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत जातो.

मोगल काळात गुलशनाबाद म्हटल्या गेलेल्या नाशिकची कोरडी थंडी गुलाबाला मानवते. अडचण काळ्या जमिनीची आहे. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि मुळे गुदमरतात. म्हणून सुमारे ६० सेंमी. खोल खड्ड्यात पोयटा, मुरूम व कुजलेले शेणखत मिसळून रोप थोडे उंचावर लावावे. पूर्वेची भिंत उत्तम. पश्चिमेची भिंत एप्रिल-मेमध्ये तापून पाने करपवते. दोन रोपांत २ ते २.५ मी. अंतर हवेच.

सगळे यश बांधणीवर आहे. जोमदार काडी उभी सोडली, तर शेंड्याकडचे डोळे, म्हणजे काडीवरचे अंकुर, तेवढे फुटतात. फुले गच्चीवर आणि भिंत उघडी, असे दृश्य शहरात जागोजाग दिसते. शेंड्यातून खाली उतरणारे ऑक्झिन हे संप्रेरक खालचे डोळे दाबून ठेवते. काडी तारेवर आडवी केली की हा दाब सैल होतो, डोळ्याडोळ्यातून बगलफूट, म्हणजे बाजूची फांदी, निघते आणि तिच्या टोकाला कळी येते. द्राक्षाच्या मांडवावर ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या, पसरवलेल्या हातांना हे काम नवे नाही. काडी करंगळीएवढी आणि हिरवी असतानाच, दोन-तीन टप्प्यांत वाकवावी. जून काडी कटकन मोडते. सुतळीला तार आणि काडी यांच्यामध्ये ४ या आकड्यासारखा पीळ द्यावा, म्हणजे साल घासत नाही.

छाटणी ऑक्टोबरमध्ये, द्राक्षाबरोबरच. पण द्राक्षाचा हात इथे आवरावा लागतो. मुख्य काड्या राखून फक्त बगलफुटी दोन-तीन डोळ्यांवर कापतात. द्राक्षाच्या काड्या अगदी आखूड कापणारी एप्रिलची खरड छाटणी इथे मुळीच नको. ‘क्लाइंबिंग पीस’सारखी, झुडपी गुलाबातून उपजलेली वेल पहिली दोन वर्षे जवळपास अस्पर्श ठेवावी, जोरात छाटल्यास ती पुन्हा झुडूप होऊ शकते. डिसेंबरच्या सुमारास पहिला बहर येतो.

पावसाळ्यात काळे ठिपके, उन्हाळ्यात लाल कोळी, थंडीत भुरी (पानांवरची पांढरी, पिठासारखी बुरशी) येते. गुलाबाची भुरी द्राक्षाच्या भुरीहून वेगळ्या बुरशीमुळे होते, त्यामुळे शेजारच्या बागेला दोष देऊ नये. गंधक मात्र दोन्हींवर चालते. कलमाच्या जोडाखालून आलेली जंगली फूट मुळापासून ओढून काढावी. वरवर कापल्यास ती दुप्पट जोमाने येते.