क्रीम एल

क्रीम एल : फिकट सोनेरी, नितळ, कमी कडू आणि भरपूर फसफसणारी अमेरिकन बिअर. साय किंवा दूध तिच्यात नसते. एल म्हणजे उबदार तापमानाला आंबवलेली बिअर, लागर म्हणजे थंडीत आंबवलेली. अमेरिकेत घरी बिअर करणारे लोक पार्टीसाठी, म्हणजे एरवी दुकानातली हलकी लागर पिणाऱ्या पाहुण्यांसाठी, जे प्रकार निवडतात त्यांत हा सर्वांत भरवशाचा. त्याची रूढ मापे अशी : सुरुवातीचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता, साखर आंबली की ती उतरते) १.०४२ ते १.०५५, शेवटचे १.००६ ते १.०१२, कडूपणा ८ ते २० आयबीयू (बिअरचा कडूपणा मोजायचे एकक), अल्कोहोल ४.२ ते ५.६ टक्के.

एकोणिसाव्या शतकात जर्मन स्थलांतरितांच्या लागरने अमेरिकेची बाजारपेठ व्यापायला सुरुवात केली, तेव्हा ईशान्येकडच्या आणि मध्य-अटलांटिक राज्यांतल्या एल उत्पादकांनी तिच्या तोडीस तोड म्हणून ही बिअर पुढे आणली. सिनसिनाटीची लिटल किंग्ज (१९५८) आणि रॉचेस्टरची जेनेसी (१९६०) हे तिचे प्रसिद्ध ब्रँड. घरगुती बिअरला अमेरिकेत संघराज्य पातळीवर मोकळीक मिळाली ती जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने. एकच प्रौढ असलेल्या घराला वर्षाकाठी १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त करता येते. विकता मात्र येत नाही. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी परवानगी दिली ती थेट २०१३ मध्ये. महाराष्ट्रात विनापरवाना मद्य तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे. त्यामुळे पुढचा तपशील जिथे कायद्याने मुभा आहे तिथल्यापुरता.

पाहुण्यांसाठी हीच का

कधीमधी बिअर पिणारा माणूस पहिल्या दोन-तीन घोटांत मत बनवतो. बिअर थंड आहे का, नितळ आहे का, फसफसते का आणि गिळल्यावर जिभेवर कडवटपणा रेंगाळतो का, एवढेच तो पाहतो. साठ आयबीयूची आयपीए (फार कडू एल) करणाऱ्याला कितीही प्रिय असली तरी अशा पाहुण्याचा पेला अर्धाच राहतो. हेफेवाइत्सेन या जर्मन गव्हाच्या बिअरमधला केळ्या-लवंगेचा गंध काहींना फार आवडतो, काहींना अजिबात नाही. आंबट बिअर हा तर सरळ जुगार. उलट ब्लाँड एल, अमेरिकन व्हीट आणि कोल्श हे प्रकार क्रीम एलच्या जवळचे. ब्लाँड एल किंचित जास्त माल्टी, म्हणजे धान्याच्या चवीची, असते, गव्हाची बिअर गढूळ दिसते, आणि कोल्शला थंडीत काही आठवडे मुरवावे लागते. कोथिंबिरीच्या बियांची, म्हणजे धण्यांची, आणि संत्र्याच्या सालीची बेल्जियन विटबिअरही पाहुण्यांना रुचते. फक्त धणे न भाजता, उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत, ताजे भरडून टाकावेत. १९ लिटरला १५ ते २० ग्रॅम पुरतात. जास्त झाले तर बिअरला मसाल्याचा वास येतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांत क्रीम एल विशेष जमते. भारतात किंगफिशरसारखी लागर पीत आलेल्यांना तिची चव अनोळखी वाटत नाही. शिवाय हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडूपणा आणि जास्त अल्कोहोल यांनी तिखट अधिकच झोंबते. मिसळ, कांदाभजी किंवा सुक्या मटणाबरोबर १५ आयबीयूच्या आतली, साडेचार टक्क्यांची बिअर चांगली लागते. अल्कोहोल याहून वाढवण्याचा मोह टाळावा. हलकी लागणारी साडेसहा टक्क्यांची बिअर पाहुणे नेहमीच्याच हिशोबाने पितात, आणि मग गाडी चालवायची वेळ येते.

कृती

१९ लिटरच्या (पाच गॅलन) घाण्याला ३.२ किलो टू-रो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि ०.६ किलो फ्लेक्ड मका लागतो. मक्याने अंग हलके होते आणि मागे बारीक गोडसर चव राहते. एकूण धान्याच्या २० टक्क्यांपुढे तो नेऊ नये. फ्लेक्ड मक्यातला स्टार्च आधीच शिजलेला असतो, म्हणून तो थेट मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टमध्ये, जातो. कच्चा भरडा घेतला तर तो आधी वेगळा शिजवावा लागतो. फक्त माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा तयार अर्क) वापरून बिअर करणारे अनेकदा इथे चुकतात : माल्टशिवाय मका नुसता गरम पाण्यात भिजवला तर स्टार्चची साखर होत नाही आणि बिअर कायमची गढूळ राहते. त्यांनी मक्याऐवजी साधी साखर किंवा कॉर्न शुगर वापरावी.

साडेअकरा लिटर पाण्यात धान्य ६५ अंश सेल्सिअसला ७५ मिनिटे ठेवावे. इथे तापमान ६९-७० अंशांवर गेले तर न आंबणारी साखर उरते आणि बिअर जड, चिकट लागते. दुसरा पेला कोणी मागत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असेल तर कॅम्पडेनची (क्लोरीन घालवणाऱ्या सल्फाइटची) पाव गोळी २० लिटरला पुरते. ती घातली नाही तर बिअरला दवाखान्यासारखा वास येऊ शकतो, आणि फिकट बिअरमध्ये तो लपत नाही.

वर्ट, म्हणजे धान्यातून गाळून घेतलेला गोड रस, ६० मिनिटे, झाकण न ठेवता उकळावा. पेल माल्टऐवजी पिल्स्नर माल्ट असेल तर ९० मिनिटे. झाकण ठेवले तर डीएमएस (माल्टपासून तयार होणारे गंधकयुक्त द्रव्य) उडून न जाता आतच राहते आणि शिजवलेल्या मक्याचा वास येतो. उकळी फुटल्यावर पाच टक्के अल्फा आम्लाचे (हॉप्समधला कडूपणा देणारा घटक) २० ग्रॅम हॉप्स (विलामेट, लिबर्टी, माउंट हूड यांपैकी कोणतेही), आणि शेवटच्या पाच मिनिटांना आणखी १५ ग्रॅम. एकूण कडूपणा १४-१५ आयबीयू होतो. त्यानंतर वर्ट झटपट १७ अंशांपर्यंत उतरवावा. सुरुवातीचे गुरुत्व १.०४५ च्या आसपास यायला हवे.

यीस्ट स्वच्छ चवीचे हवे. यूएस-०५ या कोरड्या एल यीस्टचे साडेअकरा ग्रॅमचे पाकीट पुरेसे आहे. कोल्श यीस्टही चालते. आंबवण १६ ते १८ अंशांत ठेवावी. पहिले तीन दिवस सर्वांत महत्त्वाचे, कारण आंबताना आतले तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी वर जाते. ते २४ च्या पुढे गेले की फळांचे उग्र वास आणि घशाला चटका देणारी जड अल्कोहोल तयार होतात, आणि ती नंतर मुरवूनही फारशी जात नाहीत. ओल्या टी-शर्टने गुंडाळून पाण्याच्या टबात ठेवलेले भांडेही चार-पाच अंशांनी थंड राहते. फसफस ओसरली की तापमान २० अंशांवर नेऊन तीन दिवस थांबावे. घाईने बाटलीत भरलेल्या बिअरला हिरव्या सफरचंदाचा किंवा लोण्याचा वास येतो. हे दोन्ही पदार्थ यीस्टच शेवटी गिळते, त्याला तेवढा वेळ द्यायला हवा. दोन दिवसांच्या अंतराने गुरुत्व सारखेच, १.००९ च्या जवळ आले, की आंबवण संपली असे समजावे.

नितळपणासाठी भांडे एक-दोन अंशांवर तीन दिवस ठेवावे. अनेकजण यात जिलेटिन घालतात, पण ते प्राणिजन्य असते. पाहुण्यांत शाकाहारी असतील तर ते टाळावे आणि उकळीच्या शेवटच्या १५ मिनिटांत आयरिश मॉस, म्हणजे समुद्री शेवाळ, घालावे. हा प्रश्न मराठी घरात हमखास येतो, तेव्हा उत्तर आधीच तयार असलेले बरे.

भरणे आणि वाढणे

बाटल्यांत भरताना १९ लिटरला १२५ ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून मिसळावी, म्हणजे सुमारे २.६ व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाच्या २.६ पट) कार्बन डायऑक्साइड होतो. साखर वजन करूनच घ्यावी. चमच्याने मोजणे किंवा आंबवण अपुरी असताना भरणे, या दोन्हींमुळे बाटल्या फुटू शकतात. भरलेल्या बाटल्या २० अंशांना दोन ते तीन आठवडे ठेवाव्यात. बाटल्या तपकिरीच घ्याव्यात : हिरव्या किंवा पारदर्शक काचेतून ऊन लागले की हॉप्सपासून उग्र, घाणेरडा वास तयार होतो. तळाशी यीस्टचा थर बसतो, म्हणून ओतताना शेवटचा सेंटीमीटर बाटलीतच सोडावा. पाहुण्यांच्या हातात बाटली दिली तर हे कोणी पाळत नाही. जगमधून ओतून द्यावी.

केगमध्ये, म्हणजे गॅस जोडलेल्या धातूच्या पिंपात, हा त्रास नाही. ४ अंशांना कार्बन डायऑक्साइडचा १२ पीएसआय दाब आठवडा-दहा दिवस ठेवला की बिअर तयार. नळी तीन मीटर लांब आणि पाच मिलिमीटर आतल्या व्यासाची असावी. आखूड नळीतून नुसता फेस येतो आणि तो कमी करायला दाब उतरवला तर बिअर दोन दिवसांत मिळमिळीत होते. भरलेला केग ऐन कार्यक्रमाच्या सकाळी हलवू नये, तळचा गाळ उसळतो. एका केगमध्ये ३५५ मिलिलिटरचे सुमारे ५० पेले निघतात. वीस पाहुण्यांना तो पुरतो. चाळीस असतील तर दुसरा केग अमेरिकन पेल एलचा ठेवावा, म्हणजे थोडी कडू आवडणाऱ्यांचीही सोय होते.

बाटल्यांचा बेत असेल तर पार्टीच्या किमान सहा आठवडे आधी भांडे चुलीवर चढवावे, केगसाठी चार आठवडे पुरतात. फार आधीही करू नये. भरताना हवा लागली असेल तर दोन-तीन महिन्यांत ओल्या पुठ्ठ्याची चव डोकावू लागते. उरलेला केग गॅसला जोडून थंडच ठेवावा.